दोर आणि चिंध्या

गेल्या जुलैतली गोष्ट. बेळगावचा पाऊस धो धो कोसळत होता. रात्री साडेनऊच्या सुमारास फोन वाजला. पलीकडे माझी एक जुनी विद्यार्थिनी होती. नमस्कार-चमत्कार काही न करता तिने विचारले, "सर, वंशावळीत नाव नसलेल्या माणसाला काय म्हणतात?"

मी इतिहास शिकवतो. मला वाटले, कुठल्या तरी परीक्षेचा प्रश्न असेल. पण तिचा आवाज परीक्षेचा नव्हता.

ही मुलगी हल्याळ तालुक्यातली. सिद्दी समाजाची, आणि आमच्यासारखीच ख्रिस्ती. घरी कोंकणी, शाळेत कन्नड, आणि आमच्या कॉलेजात आल्यावर मैत्रिणींकडून उचललेली फर्मास मराठी. बी. ए. झाल्यावर ती बेळगावातच एका दुकानात हिशेब लिहायला लागली. त्या दिवशी सकाळी ती भाड्याची खोली बघायला गेली होती. मालकाने दारातूनच सांगितले, "आफ्रिकेच्या लोकांना आम्ही खोली देत नाही." तिने कन्नडमधून सांगितले, मी हल्याळची. तर तो हसून म्हणाला, "अरे वा, कन्नडही शिकलीस की!"

संध्याकाळी गावाहून निरोप आला. वडील वारल्यानंतर भावाने तलाठ्याकडे वारसा नोंदीसाठी अर्ज केला होता. त्याला जोडलेल्या वंशावळीत वारस एकच दाखवला होता, तो स्वतः. ज्या भावाच्या घरावर पत्रे घालायला हिने पहिल्या चार पगारांतले पैसे पाठवले, त्या भावाने कागदावर बहीणच पुसून टाकली होती.

"सकाळी कळलं, मी या देशाची नाही. संध्याकाळी कळलं, मी त्या घरचीही नाही," ती म्हणाली.

मी काय बोललो? जे आपण सगळेच बोलतो तेच. "भावाला क्षमा कर. प्रार्थना कर. देव सगळं बघतो."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "बरं, सर." आणि फोन ठेवला गेला.

वीस-बावीस वर्षे वर्गात उभे राहिलेल्या माणसाला हे "बरं, सर" चांगले ओळखता येते. शिकवलेले पोहोचले नाही, पण वाद घालायची ताकद नाही, असा त्याचा अर्थ.

त्या रात्री झोप लागली नाही. मलिक अंबरवर मी दरवर्षी तासभर बोलतो. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, त्याने जमीन महसुलाची घडी बसवली, हे विद्यार्थ्यांना अभिमानाने सांगतो. पण याच मुलीच्या केसांवरून एकदा प्राध्यापकांच्या खोलीत विनोद झाला, तेव्हा मी चहाच्या कपाआड हसलो होतो. आणि एका रविवारी उपासनेनंतर एका वडीलधाऱ्यांनी यिर्मयाच्या पुस्तकातली कूशी माणसाच्या कातडीची ओळ तिच्याकडे बघत थट्टेने म्हटली, तेव्हाही मी गप्प बसलो होतो. कूशी म्हणजे मिसरच्या दक्षिणेकडच्या देशातला, आफ्रिकेतला माणूस.

तीच ओळ शोधायला म्हणून मध्यरात्री पवित्र शास्त्र उघडले. संदेष्टा तिथे कूशी लोकांना नावे ठेवतच नाही. आपल्याच यहूदी लोकांची पापाची सवय सुटत नाही, हे त्याचे दुःख आहे. पुढे वाचत गेलो आणि अडतिसाव्या अध्यायाशी थांबलो. लहानपणापासून ऐकलेला अध्याय, पण त्या रात्री पहिल्यांदा वाचल्यासारखा वाटला.

यिर्मयाला घरच्यांनीच दगा दिला होता. अनाथोथ हे त्याचे गाव. तिथले लोक त्याच्या जिवावर उठले होते आणि सख्खे भाऊही फिरले होते. पुढे यरुशलेमेत सरदारांनी त्याला एका हौदात सोडले. हौदात पाणी नव्हते, नुसता चिखल. त्यात तो रुतला. साऱ्या नगरातून त्याच्यासाठी राजाकडे कोण गेले? एबद-मलेख. राजवाड्यातला कूशी नोकर. परका, काळा. त्याच्या नावाचा अर्थसुद्धा 'राजाचा दास' एवढाच. सिद्कीया राजाने त्याच्याबरोबर तीस माणसे दिली.

पण तो थेट हौदावर गेला नाही. आधी खजिन्याखालच्या खोलीत जाऊन त्याने जुनेर आणि चिंध्या गोळा केल्या. दोराने त्या खाली सोडल्या आणि यिर्मयाला सांगितले, या बगलेत घाल आणि मग त्यावरून दोर घे. उपाशी, अशक्त माणूस. नुसत्या दोराने ओढला असता तर बगला सोलून निघाल्या असत्या.

माझी चूक मला तिथे दिसली. मी मुलीकडे नुसता दोर फेकला होता. क्षमा हा दोर खरा आहे, प्रार्थना हाही खरा आहे. त्यांच्यावरचा माझा विश्वास तसूभरही कमी झालेला नाही. पण चिंध्या शोधायला मी जागचा हललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी तिच्या दुकानाशी गेलो. आधी त्या हसण्याबद्दल माफी मागितली. ती शांतपणे म्हणाली, "सर, दार उघडं होतं. मला ऐकू आलं होतं."

"मग फोन मलाच का केलास?"

"दुसरं कोण होतं?"

एवढेच. माझी स्तुती नव्हती ती. हौदातून वर बघणाऱ्याला काठावर जो दिसेल त्याला हाक मारावी लागते.

मग आम्ही कागद जमवले. बाप्तिस्म्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जुने रेशन कार्ड. तिन्हींवर वडिलांचे नाव. तालुका कचेरीत द्यायचा हरकतीचा अर्ज मी माझ्या कन्नडमध्ये लिहून दाखवला. तिने लाल पेनाने त्यात अकरा चुका काढल्या आणि बऱ्याच दिवसांनी हसली. सुनावणीच्या तारखा पडताहेत. निकाल अजून नाही.

काही हितचिंतकांनी विचारले, ख्रिस्ती मुलीने भावाविरुद्ध कचेरीत जावे का? मी त्यांना यिर्मयाचाच बत्तिसावा अध्याय वाचायला सांगतो. नगराला वेढा पडलेला, स्वतः कैदेत, आणि तरी तो त्याच अनाथोथातले चुलतभावाचे शेत सतरा शेकेल रुपे मोजून विकत घेतो. साक्षीदारांच्या सह्या घेतो, खरेदीखत मातीच्या मडक्यात जपून ठेवायला लावतो. विश्वास आणि कागदपत्र यांचे वैर नाही. ज्या जमिनीत देवाने आपल्याला जन्माला घातले, तिच्या कागदावर आपले नाव असावे, असे म्हणणे हा लोभ नव्हे.

देशाच्या कागदावर नाव यायलाही या समाजाला काही शतके लागली. पूर्वजांना पोर्तुगीजांच्या काळात गुलाम म्हणून आणले. त्यातले कित्येक गोव्यातून निसटून या रानांत आले, असे मानले जाते. अनुसूचित जमातीत उत्तर कन्नडच्या सिद्दींचा समावेश २००३ साली झाला, आपल्या बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींचा तर २०२० साली. म्हणजे आपले शेजारी आपल्याला दिसायला इतकी वर्षे गेली.

खोलीचा प्रश्न आमच्या घरीच सुटला. माडीवरची खोली रिकामी होती. आई आधी कुरकुरली, "लोक काय म्हणतील?" मी चिंध्यांची गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही. दुपारी मात्र जिना झाडून घेतला.

आता संध्याकाळी दोघी वाकळ शिवत बसतात. आई वाकळ म्हणते, शेजारच्या काकू कौदी म्हणतात, ही मुलगी कवंद म्हणते. वस्तू एकच: जुन्या कपड्यांचे तुकडे आणि धावदोरा. सिद्दी बायका कवंदाच्या चारी कोपऱ्यांवर कापडाची लहान फुले लावतात. ती नसतील तर कवंद उघडे दिसते, असे ती आईला समजावत होती.

भावाला क्षमा केलीस का, असे मी पुन्हा विचारलेले नाही. यिर्मयानेही देवाकडे गाऱ्हाणे मांडले आहे, आणि ते गाऱ्हाणे शास्त्रातून कोणी खोडलेले नाही. रविवारी ती माझ्या आईशेजारी बसते. प्रार्थनेत तिचे ओठ हलतात. काय मागते ते तिचे आणि देवाचे.

वाचकहो, तुमच्या गल्लीतही अशी एखादी मुलगी किंवा मुलगा खोली विचारत येईल. घरच्यांनी टाकलेला, बाहेरच्यांनी हिणवलेला कुणी तुमच्यापाशी मन मोकळे करील. उपदेश जरूर करा, पण आधी खजिन्याखालच्या खोलीत जाऊन या. तिथे प्रत्येकाकडे काही ना काही जुनेर असतेच: एक रिकामी खोली, एक रजेचा दिवस, एक राहून गेलेली माफी.

आणि तू हे वाचशीलच, म्हणून तुझ्यासाठी एक. यरुशलेम पडायच्या आधी देवाने यिर्मयाकरवी एका माणसाला मुद्दाम निरोप धाडला: तू वाचशील, कारण तू माझ्यावर भरवसा ठेवलास. तो माणूस एबद-मलेख कूशी. कुठल्याही वंशावळीत त्याचे नाव सापडत नाही. देवाने मात्र त्याला नाव घेऊन निरोप धाडला.