मजकुराचे पैसे

"क्या पेंटर, दो लाइनां तो हैं. उसके कायके पैसे?"

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. अब्बा परभणीत पाट्या रंगवायचे. खडूची दोरी ताणून रेघ मारायची, पेन्सिलने अक्षरं आखायची आणि मग ऑइलपेंट भरायचा. भाव ते पाटी बघून नाही, माणूस बघून सांगायचे. गरीब दिसला की कमी, ओळखीचा निघाला की आणखी कमी. परभणी तशी लहानच, त्यामुळे बहुतेक लोक ओळखीचेच निघत.

आता दुकान माझा धाकटा भाऊ चालवतो. त्याने ब्रश सोडून बरीच वर्षं झाली. फ्लेक्स, एसीपी पत्र्याचे बोर्ड, अक्रिलिकची अक्षरं, आतून एलईडी. तरी गिऱ्हाईक त्याला पेंटरच म्हणतं. मी शाळेत उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते आणि दुकानाचा मजकूर तपासते. मराठीतलं ऱ्हस्व-दीर्घ आणि उर्दूतले नुक्ते, दोन्हींची जबाबदारी माझी. "आपा, दो मिनट का काम है," असा निरोप येतो, सोबत व्हॉट्सअॅपवर फोटो. बीएड झाल्यापासून हे काम मी करते आहे आणि त्याचा एक रुपयाही कधी घेतला नव्हता. घरचंच दुकान, पैसे कसले घ्यायचे?

गेल्या पावसाळ्यात एका कापड दुकानाचा बोर्ड आला. १२ बाय ३ फूट, वर मराठी, खाली उर्दू. गिऱ्हाइकाने वडिलांचं नाव रोमनमध्ये पाठवलं होतं. त्यात एक 'झेड' होता. उर्दूत या एका 'झेड'साठी चार अक्षरं आहेत : ज़ाल, ज़े, ज़ाद आणि ज़ोय. ऐकायला चौघे सारखेच. नावात कोणतं, हे त्या घरालाच विचारावं लागतं, नाहीतर नावाचा अर्थ ओळखता यावा लागतो. मी दोन तासांच्या मधल्या वेळेत, वर्गाच्या दारात उभी राहून फोटो बघितला आणि 'ठीक आहे' लिहून टाकलं.

बोर्ड लागला. दुसऱ्याच दिवशी रस्त्यावरून जाणारे एक म्हातारे गृहस्थ थांबले आणि दुकानदाराला म्हणाले, "बेटा, वालिद का नाम तो सही लिखवाना था." ज़ालच्या जागी ज़े बसला होता. दुकानदार भांडला नाही. नुसता म्हणाला, "अब्बा को गुजरे चारच महीने हुए, पेंटर." भावाने ती ओळ उतरवून नवी बसवून दिली.

त्या रात्री मी वही घेऊन बसले आणि त्याला म्हटलं, या बोर्डाचा हिशेब सांग. ३६ चौरस फूट, ४०० रुपये फूट, म्हणजे १४,४००. यातला खर्च असा निघाला :

पत्रा, पाईप, अक्रिलिक, एलईडी, वायर : ९,२००. कटिंग बाहेरून : १,३००. दोन पोरांची दीड दिवसाची मजुरी : १,८००. ऑटो आणि घोडी : ७००. एकूण १३,०००. उरले १,४००.

आता त्याचे स्वतःचे तास मोजले. माप घेणं, डिझाइन, 'जरा लाल करा', 'जरा मोठं करा', 'नाही, पहिलंच बरं होतं', मग फिटिंगला उभं राहणं. सगळे मिळून १४ तास. तासाला १०० रुपये पडले, तेही दुकानाचं भाडं आणि लाइटबिल धरायच्या आधी. चुकलेली ओळ बदलायला २,१०० लागले. म्हणजे बोर्ड लावून वर खिशातून ७०० गेले.

वहीत एक ओळ मी मुद्दाम लिहिली होती : 'मजकूर व तपासणी : ०.' चूक नेमकी त्याच ओळीत झाली होती. चूक माझीच, ती मी भावावर किंवा रोमन लिपीवर ढकलणार नाही. पण ती का झाली, हेही दिसत होतं. ज्या कामाला दाम नव्हता, त्याला मी दोन तासांच्या मधला उरलेला वेळ दिला. पैसे मिळाले असते तर घरी बसून, चष्मा लावून वाचलं असतं. फोन करून विचारलं असतं, "वालिदसाहेबांचं नाव ते स्वतः कसं लिहायचे?"

मग लक्षात आलं की सगळा गोंधळ चौरस फुटाने सुरू होतो. फूट मोजायला सोपा, म्हणून गिऱ्हाइकालाही तोच भाव समजतो. पण फूटसुद्धा खरं सांगत नाही. एसीपीचा पत्रा ८ बाय ४ चा येतो. १२ फुटांच्या बोर्डाला दोन पत्रे फोडावे लागतात, म्हणजे ६४ फूट घ्यायचे आणि ३६ चे पैसे मागायचे. उरलेला तुकडा दुसऱ्या कामाची वाट बघत कोपऱ्यात उभा. फ्लेक्सचंही तेच. ९ बाय साडेतीनचा बॅनर ४ फुटी रोलवर निघतो. साडेएकतीस फुटांचे पैसे येतात, लागतो ३६ फूट.

अक्रिलिकची अक्षरं नगावर आणि इंचावर विकायची म्हटली तर आमच्या भाषा अडवतात. हा हिशेब इंग्रजीला बरा. मराठीत 'श्री' एक अक्षर धरायचं की तीन? वर वेलांटी, खाली उकार आला की १२ इंची अक्षराची ओळ १८ इंचांवर जाते. उर्दूत तर 'बख़्शिश' हा शब्द घ्या. अक्षरं चार, चारही एकमेकांना जोडलेली, म्हणजे कापायचा तुकडा एक. त्यावर नुक्ते आठ. ते सगळे सुटे कापायचे आणि जागेवर एकेक चिकटवायचे. चार अक्षरांचे पैसे घेऊन नऊ तुकडे बसवायचे. एक नुक्ता इकडचा तिकडे झाला तर शब्दच बदलतो.

२०२२ साली दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत, असं ठरलं. काम वाढलं. पुढे वऱ्हाडातल्या पातूरचा निकाल आला. तिथल्या नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू होतं, त्याला हरकत घेतली गेली होती. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती हरकत फेटाळली. आमच्या घरी त्या दिवशी चहाबरोबर हाच विषय होता. उर्दूला पाटीवर जागा आहे, हे कोर्टाने सांगितलं. पण त्या जागेत ज़ाल लिहायचा की ज़े, ते आम्हालाच बघायचं होतं. दोन्ही भाषांवर आपलं प्रेम आहे, असं आम्ही सांगत होतो आणि त्यांचा मजकूर मात्र फुकटात उरकत होतो.

त्या वहीवरून भावाने भाव सांगायची पद्धत बदलली. आता कोटेशनमध्ये सामान वेगळं, मजुरी वेगळी, फिटिंग वेगळं. जिंतूरला जायचं असेल तर गाडीभाडं वेगळं. डिझाइनमध्ये दोन बदलांचे पैसे नाहीत, तिसऱ्यापासून लागतात. निम्मे पैसे आगाऊ. छापलेल्या नमुन्यावर 'वाचून पाहिलं' असं लिहून गिऱ्हाइकाची सही. २ फेब्रुवारीला तुराबुल हक साहेबांचा उरूस सुरू होतो, त्याच्या आधीच्या आठवड्यात सगळ्यांना 'कल तक' हवं असतं. त्या घाईचेही पैसे कोटेशनमध्ये लिहिलेले असतात. आणि एक नवी ओळ : मजकूर व तपासणी, प्रत्येक भाषेचे ३०० रुपये.

पहिल्या दोन महिन्यांत तीन गिऱ्हाइकं गेली. एक ओळखीचे गृहस्थ अम्मीकडे तक्रार घेऊन आले, "तुम्हारा लड़का बदल गया." अम्मी गप्प राहिल्या. अब्बा असते तर काय म्हणाले असते, हा विचार मला अजून सतावतो. त्यांच्या हातून माणसं जोडली गेली, हे खरं. त्यांच्या औषधांसाठी अम्मींच्या बांगड्या विकल्या गेल्या, हेही तितकंच खरं.

मशिदीचा किंवा मंदिराचा बोर्ड आला की अवघड होतं. "सवाब का काम है," असं एक जण म्हणतो, "देवाचं काम आहे," असं दुसरा. आम्ही नाही म्हणत नाही. फक्त आता पूर्ण बिल लिहितो, खाली 'सवलत' म्हणून मजुरी वजा करतो आणि सामानाचे पैसे घेतो. दिलं तर किती दिलं, ते दोघांनाही दिसतं. मला वाटतं, दान असंच असावं. ज्याची किंमतच लिहिली नाही, ते दिलं असं तरी कसं म्हणायचं?

पहिल्या महिन्याच्या शेवटी भावाने माझ्यासमोर पाकीट ठेवलं. सात बोर्ड, त्यातले चार दोन्ही भाषांतले, म्हणजे अकरा मजकूर. ३,३०० रुपये.

मी म्हटलं, "अरे, घरचंच तर काम आहे. त्याचे कसले पैसे?"

तो हसायला लागला. "आपा, गिऱ्हाईक भी यहीच बोलता."

मी पाकीट घेतलं. आता शाळेत असताना फोटो आला तर मी उत्तर देत नाही. संध्याकाळी घरी बसते, नाव मोठ्याने वाचते, शंका आली तर त्या घरी फोन करते. परवा एकीने विचारलं, एवढ्यासाठी फोन केलात? मी म्हटलं, हो, त्याचे पैसे घेतलेत.