विसाव्या पायरीवरचे मंदिर

व्हिडीओ गेम म्हटले की आपल्याकडे आईवडिलांच्या कपाळाला आठ्या पडतात. अभ्यास सोडून पोर बटणे दाबत बसले आहे, हे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ही तक्रार आजची नाही. १९९० च्या दशकात लॅमिंग्टन रोडवर ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांची, टीव्हीला जोडायची यंत्रे मिळू लागली तेव्हापासूनची आहे. आमच्या नायगावच्या बी.डी.डी. चाळीत एखाद्याच घरी असे यंत्र असे आणि १६० चौरस फुटांच्या त्या खोलीत अख्ख्या मजल्याची मुले जमत. ‘मारिओ’मध्ये उड्या मारायच्या, ‘काँट्रा’मध्ये गोळ्या झाडायच्या आणि वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

अशी बरीच यंत्रे ज्याची नक्कल होती, त्या निन्टेन्डो कंपनीच्या ‘फॅमिकॉम’वर जपानमध्ये मात्र आणखी एका तऱ्हेचे खेळ गाजत होते. त्यांत हाताच्या चपळाईला महत्त्व नाही. आपली पाळी आली की थांबून विचार करायचा, मग चाल करायची. गावोगाव हिंडायचे, लोकांशी बोलायचे, राक्षसांशी लढून अनुभव मिळवायचा आणि एकेक पायरी वर चढायचे. ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ हा त्यांतला नावाजलेला खेळ. तो १० फेब्रुवारी १९८८ रोजी बाजारात आला. रचना युजी होरी यांची, चित्रे अकिरा तोरियामा यांची, संगीत कोइची सुगियामा यांचे. तो दिवस बुधवार, शाळेचा होता. तरी मुले शाळा बुडवून दुकानांपुढे रांगा लावून उभी राहिली आणि त्याची बातमी झाली. कॅसेटमध्येच छोटा सेल बसवलेला असल्याने कालचा खेळ आज पुढे चालवता येई. नोव्हेंबर २०२४ मध्ये हाच खेळ नव्या रूपात पुन्हा आला, म्हणजे छत्तीस वर्षांनंतरही त्याची ओढ टिकून आहे.

माझी मुलगी हा खेळ मोबाईलवर इंग्रजीतून खेळते. रात्री जेवणे झाली की मी तिच्या शेजारी बसतो. मला बटणे जमत नाहीत, पण गोष्ट कळते आणि ती गोष्ट मला आपल्या फार जवळची वाटते.

या खेळातली दुनिया आपल्या पृथ्वीच्या नकाशावर बेतलेली आहे. युरोपच्या कोपऱ्यात ‘पोर्तोगा’ नावाचे राज्य आहे. तिथल्या राजाला काळी मिरी हवी आहे. ती आणून देणाऱ्याला तो जहाज देतो. मिरी मिळते ‘बहारता’ नावाच्या गावात आणि ते गाव नकाशावर आपल्या हिंदुस्थानच्या जागी आहे. पोर्तुगीज या किनाऱ्यावर कशासाठी आले, हे शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांना यातली गंमत लगेच समजते.

बहारताच्या उत्तरेला, डोंगराळ भागात एक मंदिर आहे. मूळ जपानीत त्याचे नाव ‘दामा’. याच मालिकेतल्या सातव्या खेळाच्या जुन्या इंग्रजी आवृत्तीत त्याला सरळ ‘धर्म टेंपल’ म्हटले होते. या मंदिरात नवस बोलत नाहीत, नारळ फोडत नाहीत. तिथे माणूस आपला धंदा बदलतो. योद्ध्याला मांत्रिक व्हायचे असेल, व्यापाऱ्याला पुजारी व्हायचे असेल, तर त्याने आधी विसावी पायरी गाठली पाहिजे, एवढीच अट. तुझा बाप काय करीत होता, असे तिथे कोणी विचारत नाही.

बदलाची किंमत मात्र मोजावी लागते. धंदा बदलला की माणूस विसाव्या पायरीवरून थेट पहिल्या पायरीवर येतो आणि त्याची ताकद निम्मी होते. पण शिकलेले मंत्र तो विसरत नाही. निम्मी झालेली ताकदसुद्धा अगदी नवख्यापेक्षा जास्तच असते.

आणखी एक गोष्ट. चौघांच्या टोळीत धंदा बदलण्याची मुभा नसलेला एकच जण असतो, तो म्हणजे खुद्द नायक. तो ओर्तेगा नावाच्या वीराचे अपत्य. बापाचे अर्धे राहिलेले काम पुरे करायचे, हे त्याच्या जन्माबरोबरच ठरलेले. ज्याला जन्माने मान मिळाला तोच जन्माने बांधलेला, ही खेळातली खोच मला फार मोलाची वाटते.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिले आणि जे प्रत्यक्षात होऊ शकले नाही, त्यात त्यांनी हाच मुद्दा मांडला होता. जातिव्यवस्था माणसाला जन्मतःच एका धंद्याला खिळवून टाकते, धंदा बदलू देत नाही आणि म्हणूनच ती बेकारीचेही एक कारण आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबईच्या गिरण्यांत याचा पुरावा डोळ्यांपुढे होता. विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे अस्पृश्यांना मज्जाव. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळाची भीती आडवी येई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला. माझे आजोबा सूत कातण्याच्या खात्यात लागले ते याच कारणाने, आणि त्यांच्यामागून आमचे आबा त्याच खात्यात लागले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप लांबला तसे कितीतरी कामगार गावी गेले. ज्यांचा जमिनीचा तुकडा होता त्यांना निदान भाकरीचा आधार होता. आमच्याकडे गावी वाट्याला आलेली एक पडवी होती, जमीन नव्हती. आबा तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होते. तुटलेला धागा ते न बघता, नुसत्या बोटांनी सांधत. त्यांच्या कामातली ती विसावी पायरी होती, असे आज मी म्हणेन.

आबांची गिरणी पुन्हा नीट चालू झालीच नाही. वर्षभर त्यांनी मिळेल ते काम केले आणि मग परळच्या एका गल्लीत मोटार वाइंडिंगच्या दुकानात हेल्पर म्हणून लागले. उस्ताद त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. तो ‘ए काका’ म्हणून हाक मारी आणि आबा ‘जी उस्ताद’ म्हणून उठत. पगार गिरणीच्या निम्माही नव्हता. पण जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी भरायची, वेढे मोजायचे, तार कुठेही दबू द्यायची नाही, हे काम त्यांच्या बोटांना ओळखीचे वाटले. आयुष्यभर बॉबिनवर सूत भरताना पाहिलेला माणूस आता तांब्याची तार भरू लागला. तीन वर्षांत गल्लीतले लोक मोटार घेऊन थेट आबांकडे येऊ लागले. जुना मंत्र नव्या धंद्यात कामाला आला.

पण ती तीन वर्षे एकट्या आबांची नव्हती. खेळात पहिल्या पायरीवर आलेला गडी लढाईत एका फटक्यातच कोसळेल. बाकीचे तिघे पुढे उभे राहून घाव झेलतात म्हणून तो जगतो आणि पुन्हा चढतो. आमच्या घरी आई रात्री उशिरापर्यंत साड्यांना फॉल-बिडिंग करून देई. शेजारच्या मावशी आमच्या ताटात निःसंकोच भाजी वाढीत. धंदा बदलायला हिंमत एकाची लागते, पण तो बदल सगळ्यांना मिळून पेलावा लागतो.

या खेळात एक उडाणटप्पूही आहे. भर लढाईत तो शिट्ट्या वाजवतो, विनोद करतो, आपली पाळी फुकट घालवतो. दुसऱ्या कुणाला ‘ज्ञानी’ व्हायचे तर एक दुर्मीळ ग्रंथ लागतो. जपानीत त्याचे नाव ‘सातोरी’चा ग्रंथ, आणि सातोरी म्हणजे झेन पंथातला बोध. उडाणटप्पूला मात्र त्या ग्रंथाची गरज नाही. विसाव्या पायरीवर पोचला की तो ग्रंथाविनाच ज्ञानी होऊ शकतो. अट एकच, तोवर त्याच्या सोबत्यांनी त्याला टाकून देता कामा नये. घरातल्या ‘वाया गेलेल्या’ पोरासाठी आपल्यापैकी किती जण विसाव्या पायरीपर्यंत थांबतात, हा प्रश्न प्रत्येक आईबापाने मनाशी विचारावा.

हे सारे आज लिहिण्याचे कारण घरातलेच आहे. माझी मुलगी बी.कॉम. होऊन तीन वर्षे एका कार्यालयात हिशेब सांभाळते आहे. बढती समोर आली असताना ती म्हणते, नोकरी सोडून वकिलीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम करीन. नातेवाईक म्हणाले, हातातली भाकरी कोण टाकतो? मलाही काळजी वाटली, कारण घराचा हप्ता तिच्या पगारातून जातो. मी तिला विचारले, “पुन्हा पहिल्या पायरीवर जायचे?”

ती म्हणाली, “पप्पा, हिशेब कळणारा वकील कुणाला नको असतो? मंत्र जात नाहीत. तुम्ही फक्त थोडे दिवस पुढे उभे राहा.”

आबा २००९ मध्ये गेले. ते असते तर त्यांनी या मुलीला काय सांगितले असते, ते मला ठाऊक आहे, कारण त्यांनी ते करून दाखवले आहे. मुलीने प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला आहे. हप्त्याची जुळवाजुळव मी आणि तिच्या आईने सुरू केली आहे.