सुटणारा डाव

सोळा घरं, पंधरा आकडे, एक घर रिकामं. शेजारची फरशी रिकाम्या घरात सरकवत आकडे १ ते १५ ओळीने लावायचे. उरुसात प्लॅस्टिकच्या चौकटीत मिळणारा हा खेळ तुम्हीही खेळला असाल. गेले काही महिने ऑफिसातून आल्यावर मी तो ऑनलाइन खेळता यावा म्हणून लिहितोय.

फरशा काढणं, बोट लागताच सरकवणं, हे दोन रविवारांत झालं. खरं काम फरशा पिसण्याचं. पत्त्यांसारख्या कशाही पिसल्या तर निम्मे डाव कधीच सुटत नाहीत. तेरापर्यंत सगळं जुळतं आणि शेवटी आधी १५, मग १४ असं अडून बसतं.

अमेरिकेत १८८० साली या खेळाने लोकांना वेड लावलं होतं. तो बनवण्याचं श्रेय न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटाचे पोस्टमास्तर नॉयस चॅपमन यांना दिलं जातं. सॅम लॉइड मात्र पुढे तो आपलाच म्हणून सांगत राहिला. १४-१५ची अदलाबदल सोडवून दाखवा, हजार डॉलर देतो, असंही त्याने जाहीर केलं. त्याच्या खिशाला धोका नव्हता. असा डाव सुटूच शकत नाही, हे जॉन्सन आणि स्टोरी यांनी १८७९ मध्येच सिद्ध केलं होतं.

कारण कागदावर समजतं. आकडे ओळीने वाचताना मोठा आकडा लहानाच्या आधी आला की ती एक उलटी जोडी. फरशी आडवी सरकली तर उलट्या जोड्या तेवढ्याच राहतात. उभी सरकली तर ती तीन फरशा ओलांडते, म्हणून समचं विषम होतं, विषमचं सम. रिकामं घर आपल्या कोपऱ्यात परत यायचं तर जितक्यांदा वर गेलं तितक्यांदा खाली यायला हवं, म्हणजे उभ्या चाली सम. सुरुवातीला उलट्या जोड्या विषम असतील तर शेवटीही विषमच राहणार, आणि नीट लागलेल्या पाटीत तर त्या शून्य असतात.

माझी खाला सातवीपर्यंत शिकलेली. मोबाइलवर कुठलातरी फुकटचा असाच खेळ ती तीन दिवस लावत बसली होती. "मेरेकूच अक्कल नै बेटा," म्हणाली. मी कागदावर जोड्या मोजल्या. विषम. डाव मुळातच खोटा होता आणि ही बाई तीन दिवस स्वतःला मठ्ठ समजत होती. शाळा लवकर सुटलेल्या माणसाला असं वाटायला वेळ लागत नाही.

ऑफिसातला एक मित्र म्हणाला, असे डाव अधूनमधून राहू दे. माणूस अडकला की 'मदत' दाबतो, जाहिरात बघतो, तुला चार पैसे मिळतात. धंदा म्हणून त्याचं गणित बरोबर आहे. पण सोडवणारा आपल्या बुद्धीवर भरवसा ठेवून बसलेला असतो. त्याला न सुटणारा डाव देणं ही मला सरळ लबाडीच वाटते.

रिकामं घर मी खाली उजव्या कोपऱ्यात ठेवतो, बाकी फरशा मोकळेपणाने पिसतो आणि उलट्या जोड्या मोजतो. विषम आल्या तर कुठल्याही दोन फरशांची अदलाबदल. झालं, डाव सुटणारा. लागलेल्या पाटीवरून उलट चाली करतही पिसता येतं, पण चाली कमी पडल्या तर डाव अगदीच सोपा होतो. पिसण्याचं बी म्हणून तारखेचा आकडा वापरलाय, त्यामुळे त्या दिवशी सगळ्यांसमोर तोच डाव येतो. फरशांवर आकडे मराठी ठेवले, खालाला तेच पटकन दिसतात. घड्याळ लावलं नाही. फक्त चाली मोजल्या जातात.

सध्या मोजके लोक खेळतात, बहुतेक नात्यातलेच. सोलापुरातली खाला आणि तिची हैदराबादची बहीण रोज संध्याकाळी फोनवर चालींचा हिशेब करतात. परवा खालाच्या २१४ झाल्या, बहिणीच्या १९८. रिकामं घर कोपऱ्यात असलेला कुठलाही सुटणारा डाव जास्तीत जास्त ८० चालींत संपवता येतो, हे संगणकाने कधीच शोधून ठेवलंय. दोघींना मी ते अजून सांगितलेलं नाही.