स्वस्ताईचा पत्ता

दिवाळीच्या सामानाची यादी हातात आली, की घरोघरी एक खल सुरू होतो : रवा कोठे स्वस्त, खोबरे कोठे स्वस्त? पलीकडच्या आळीतला वाणी किलोमागे दोन रुपये कमी घेतो असे कळले, की आपली पिशवी आपोआप तिकडे वळते. इंग्लंडातल्या पेन्शनर मंडळींनी हेच जरा मोठ्या प्रमाणावर केले आहे, इतकेच. आपल्याकडे पेन्शन झाली की माणसे पुण्याला बिऱ्हाड करीत. यांतली कित्येक मंडळी स्पेनचा किनारा गाठतात.

त्यांच्या जमाखर्चाच्या याद्या वाचायला मला फार आवडते. डावीकडे मँचेस्टर, उजवीकडे मलागा. खाली घरभाडे, पाव, बटाटे, बसचे भाडे. उजवीकडचे आकडे कसे अगदी आटोपशीर! शिवाय ऊन फुकट. इंग्लंडच्या हिवाळ्यात घर तापवायचे की पोटभर जेवायचे, असा प्रश्न ज्या म्हाताऱ्या जिवापुढे पडतो, त्याला या याद्या वाचून मोह पडला, तर त्याला हावरट कोण म्हणेल?

पण या याद्यांत एक रकाना बहुधा नसतो. ही स्वस्ताई टिकणार किती दिवस?

23 जून 2016 रोजी ब्रिटिश जनतेने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला आणि दुसऱ्याच दिवशी पौंड गडगडला. मलागातल्या आजीबाईंचे घर तेच, पाव तोच, पेन्शनही तीच. पण त्या पेन्शनचे युरो मात्र कमी येऊ लागले. एका रात्रीत स्पेन महाग झाला! आजीबाईंना वाटत होते, स्वस्ताई स्पेनमध्ये राहते. ती बिचारी दोन नाण्यांमधल्या फटीत राहत होती.

2021 पासून तर नव्याने स्पेनला जाऊन राहायचे म्हणजे व्हिसा आला. न कमावता तेथे राहू इच्छिणाऱ्याला 2024 मध्ये महिन्याला 2400 युरोंची ऐपत दाखवावी लागे. त्या वर्षी ब्रिटनची नवी पूर्ण सरकारी पेन्शन होती आठवड्याला 221.20 पौंड, म्हणजे महिन्याचे सुमारे 1100 युरो. स्वस्त देशात राहायचे, तर आधी श्रीमंत असावे लागते, अशी ही गंमत!

पण खरी मेख आणखी पुढेच आहे. ब्रिटनची सरकारी पेन्शन महागाईबरोबर दरवर्षी वाढते. स्पेनमध्ये राहणाऱ्यालाही ती वाढ मिळते, अमेरिकेतही मिळते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, भारत येथे मात्र मिळत नाही. नायगाराच्या एका तीरावर राहणाऱ्याची पेन्शन वाढते, समोरच्या तीरावर राहणाऱ्याची गोठते. दोघांनी वर्गणी सारखीच भरलेली असली तरी! कारण काय, तर एका देशाशी तसा करार आहे, दुसऱ्याशी नाही.

याची झळ आपल्यापर्यंतही येते. जन्मभर लंडनमध्ये नोकरी करून 2000 साली एखादा मराठी माणूस कोल्हापूरला परतला असेल, आणि त्याला तेव्हाची पूर्ण मूळ पेन्शन मिळाली असेल, तर ती आठवड्याला 67.50 पौंड होती. त्याच्याबरोबर निवृत्त होऊन लंडनलाच राहिलेल्या सोबत्याला 2024 मध्ये 169.50 पौंड मिळू लागले. कोल्हापूरकराचे 67.50 जागचे हलले नाहीत. या चोवीस वर्षांत कोल्हापूरचे दूध, डाळ आणि डॉक्टर काही त्याच्यासाठी थांबून राहिले नव्हते.

दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या ॲनेट कार्सन या बाई हे गाऱ्हाणे घेऊन न्यायालयात गेल्या. 2005 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये हरल्या, 2010 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयातही हरल्या. ही वाढ ब्रिटनमधल्या महागाईसाठी असते, बाहेर राहणाऱ्याचा तिच्यावर हक्क नाही, असा एकूण न्याय. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर असेलही. पण नव्वदीतल्या माणसाला कायदा शिजवून खाता येत नाही.

म्हणून कोणी परमुलखात जाऊच नये, असे मी म्हणणार नाही. उन्हात बसून संत्रे सोलीत म्हातारपण काढावे, ही काही वाईट इच्छा नव्हे. मात्र यादी करताना पावाच्या भावाआधी एक ओळ लिहावी : भाव वाढले, तर माझी मिळकत वाढणार आहे का? ज्या गावी या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर मिळते, ते गाव महाग असले तरी परवडते. जेथे ‘नाही’ मिळते, तेथली स्वस्ताई पाहुणीसारखी असते. ती चार दिवस गोड बोलते, आणि एके सकाळी पाहावे तो बोचके बांधून निघालेली असते.