काकूंनी ऐकलेले पक्षी

मांडव्याच्या जेट्टीवर रो-रोतून सायकली उतरवल्या तेव्हाच माझ्या अंगात कणकण होती. मुंबईतच नाक गळायला लागलं होतं, तरी निघाले. फेब्रुवारी सुरू झालेला. अजून महिना-दीड महिन्यात कुरव आणि चिखल्या उत्तरेला परतायला लागतात, आणि ही सहल मैत्रिणीने आणि मी लागोपाठ दोन हिवाळे हुकवली होती. पहिल्या दिवशी चौल, दुसऱ्या दिवशी साळावचा पूल ओलांडून कोर्लई, तिसऱ्या दिवशी फणसाडचं अभयारण्य, असा बेत होता.

चोंढीला किहीमचा फाटा आला. 1930 साली, जर्मनीहून परतल्यावर हातात नोकरी नसताना सालिम अली किहीमला येऊन राहिले आणि सुगरणींच्या खोप्यांपाशी दिवसच्या दिवस बसले. नर अर्धवट खोपे विणून ठेवतो, मादी येऊन पारखते, तिला पसंत पडला तरच तो पुरा करतो, आणि मग पुढच्या खोप्याच्या, पुढच्या मादीच्या मागे लागतो, हे त्यांनी तिथे बसून उलगडलं. एरवी मी त्या फाट्याला वळल्याशिवाय पुढे जात नाही. या वेळी पाय टेकून पाणी प्यायले आणि सरळ निघाले. वळले असते तर पुन्हा सायकलवर बसवलं नसतं.

आक्षीला ओहोटी होती. ओल्या वाळूवर कुरवांचा मोठा थवा, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. कडेने सुरय. लाटेच्या रेषेबरोबर मागे-पुढे धावणारे चिखल्या. एक कुत्रा धावत आला आणि अख्खा थवा उठला. शेकडो पंख, उघडलेल्या चोची, आणि मला काहीच ऐकू आलं नाही. लाटासुद्धा नाहीत. डोक्यात नुसती घूं चाललेली. शेजारी मैत्रीण काहीतरी सांगत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते. एवढी भीती मला उतारावर ब्रेक न लागल्यावरही वाटली नव्हती.

नागाव कसं मागे पडलं ते आठवत नाही. संध्याकाळी डॉक्टरांनी दोन्ही कान तपासले. पडदे ठीक होते; घसा आणि कान जोडणारी नळी सर्दीने सुजून बंद झाली होती. वाफ घ्यायची, झोपायचं आणि ताप उतरेपर्यंत सायकलला हात लावायचा नाही, हे त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. मैत्रीण पुढे जायला तयार नव्हती. फणसाड तिनेही पाहिलं नव्हतं, म्हणून मीच तिला पाठवलं.

चौलमध्ये आमची सोय एका वाडीतल्या घरी होती. काकू सत्तरीच्या, पाठीत किंचित वाकलेल्या. अंगणात सुपारी वाळत घातलेली. त्यांनी आधी गवती चहा आणि आल्याचा काढा हातात दिला आणि मग नाव विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप थोडा कमी होता. दुर्बीण घेऊन पडवीत बसले. आपण पक्षी बघायला जातो असं म्हणतो खरं, पण वाडीत ते आधी ऐकावे लागतात. वर माड, मधे पोफळी, खाली केळी आणि मिरवेली. ऊन ठिपक्याठिपक्यांनी उतरतं. हळद्या एवढा पिवळाजर्द, पण आवाज दिल्याशिवाय तो त्या पानांत सापडत नाही. दीड तासात मला एक दयाळ मिळाला.

काकू सुपारी हलवता हलवता थांबल्या, माझ्या कानाशी वाकल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "अगं, तो तांबट मघापासून ठोकतोय, तुला नाही का येत ऐकू?" मी मान हलवली. त्यांनी बोट दाखवलं. वठलेल्या फांदीच्या टोकाला तो होता, गळा फुगवत, मान डावी-उजवी करत. ठोका पडताना गळ्याचं कातडं कसं थरथरतं हे मी इतकी वर्षं कधी नीट पाहिलंच नव्हतं. तोपर्यंत आवाज ओळखून मी पुढच्या पक्ष्याकडे वळलेली असायचे.

तेव्हापासून आमचं ठरून गेलं. त्या ऐकायच्या आणि बोट दाखवायच्या. "तो बघ कुकुडकुंभा." म्हणजे भारद्वाज. "पाटात कोणीतरी पालापाचोळा उलटतंय." तो नारिंगी डोक्याचा कस्तुर निघाला, ओल्या मातीत चोच घालणारा, माझ्यापासून जेमतेम दहा पावलांवर.

दुपारी काकूंच्या मुलाने स्कूटरवरून रामेश्वराच्या देवळापाशी सोडलं. पुष्करणीच्या काठावर बसायला सावली आहे. खंड्या पाण्यावर तिरका उतरला आणि मासा घेऊन पायरीवर आपटू लागला. तेही मुकंच.

तिथे बसल्यावर अफनासी निकितीन आठवला. हा रशियन व्यापारी 1469 मध्ये चौलच्या बंदरात उतरला. रेवदंड्याला शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. त्याच्या प्रवासवर्णनात आळंदच्या जत्रेजवळच्या एका रात्रपक्ष्याची नोंद आहे. लोक ज्याला अशुभ मानत, त्या पक्ष्याला तो 'गुकुक' म्हणतो. पक्षी कसा दिसतो ते सांगत नाही, कसा ओरडतो ते सांगतो. टिटवी, कुकुडकुंभा, कुर्टुक ही आपली नावंही कानानेच ठेवलेली. ती ठेवणारे लोक माझ्यापेक्षा काकूंच्या जवळचे.

रात्री काकू खोलीत आल्या आणि मला हाताला धरून मागच्या दारी नेलं. अंधार होता, बोट दाखवण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी माझा तळवा घेतला आणि वाडीच्या टोकाकडून जसजसा आवाज येत होता तसतसा त्यावर अंगठा दाबला. एक लांब दाब, मग थांबणं, पुन्हा एक. "हुमण," त्या कानाशी म्हणाल्या. म्हणजे घुबड. आम्ही बराच वेळ उभ्या होतो.

चौथ्या दिवशी मैत्रीण परत आली. ताप गेला होता, उजवा कान अर्धा उघडला होता, आणि मांडव्यापर्यंत आम्ही सायकली टेम्पोत टाकल्या. न दिसता नुसता ऐकलेला पक्षी मी वहीत वेगळी खूण करून लिहिते. चौलच्या पानावर 23 पक्षी मी पाहिलेले आहेत. खाली रेघ मारून हुमण लिहिला आहे आणि त्यापुढे काकूंचं नाव.