टाकीची शिटी आणि वजा बत्तीस हजार

घोडबंदर रोडला मानपाड्याच्या आतल्या अंगाला आमची चाळ आहे. पहाटे पाणी येते. मोटर लावली की टाकी भरायला वीस मिनिटे. बंद करायला कोणी विसरले की पाणी गटारात आणि भांडण चाळभर. आमची लेक इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने प्रोजेक्ट घेतला तो हाच: वीस मिनिटे झाली की शिटी वाजवायची.

त्यासाठी आर्डुइनोचा बोर्ड आणला. २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावी शिकणाऱ्या मुलांना परवडावा म्हणून निघालेला हा तळहाताएवढा बोर्ड. शिटी दहा सेकंदांवर ठेवली की छान वाजे. वीस मिनिटांवर ठेवली की मुकी. कॉलेजात एकाने सांगितले, "बोर्ड गेला असेल. नाही तर तयार प्रोजेक्ट विकत मिळतात." पैसे उसने काढता आले असते. पण परक्याच्या कामावर आमची पोर तोंडी परीक्षा देणार, हे मनाला पटेना.

आम्ही वायरमन. वागळे इस्टेटमध्ये उमेदीची वर्षे गेली. फॉल्ट शोधताना मेनपासून निघायचे आणि एकेका पॉइंटवर टेस्ट लँप लावत जायचे. लँप जिथे पेटत नाही, त्याच्या अलीकडेच दोष. अंदाजाने स्विच बदलत बसणाऱ्याला कोणी दुसऱ्यांदा बोलावत नाही. रविवारी विहारात धम्मवंदनेत 'एहिपस्सिको' म्हणतो ना आपण, 'या आणि पाहा', ते आम्हाला या कामातूनच नीट कळले. लेकीला विचारले, "तुझ्या प्रोग्रॅमला टेस्ट लँप कुठे लावायचा?"

ती म्हणाली, 'सीरियल प्रिंट'. प्रोग्रॅममध्ये ती एक ओळ घातली की बोर्ड आपल्या पोटातला आकडा केबलमधून कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाठवतो. पहिल्यांदा पडद्यावर नुसती वेडीवाकडी अक्षरे आली. बोर्ड ९६०० च्या वेगाने बोलत होता आणि पडदा दुसऱ्याच वेगाने ऐकत होता. वेग जुळवला, आकडे सरळ झाले.

मग दोघे मांडी घालून बसलो. मोटर सुरू होऊन किती वेळ झाला, ते दर सेकंदाला उमटत होते. ३००००, ३१०००, ३२०००. आणि पुढे एकदम वजा ३२५३६!

लेक ओरडलीच. बोर्ड सेकंदाचे हजार भाग मोजतो. आकडा ठेवायला तिने 'इंट' नावाचा डबा घेतला होता. या बोर्डवर त्यात ३२,७६७ पर्यंतच मावते. दहा सेकंदांचे दहा हजार मावत होते, वीस मिनिटांचे होतात बारा लाख. तिथवर आकडा कधी जाणारच नव्हता, मग शिटी कुठून वाजणार? कॉम्प्युटरवर हाच डबा बहुधा मोठा असतो, म्हणून तिला शंका आली नाही. बोर्ड धडधाकट होता. 'अनसाइन्ड लाँग' हा मोठा डबा घेतला. त्यात ४२९ कोटींवर मावतात, म्हणजे एकोणपन्नास दिवसांची मोजणी.

प्रोग्रॅममधल्या चुकीला 'बग', म्हणजे किडा, म्हणतात. हा शब्द जुनाच. पण १९४७ साली हार्वर्डच्या मार्क टू यंत्रात खरोखरीचा पतंग सापडला, तो वहीत चिकटवून ठेवला होता.

तोंडी परीक्षेत तिला विचारले, अडचण काय आली? तिने वजा ३२५३६ लिहिलेले वहीचे पान पुढे केले.

शिटी आता रोज पहाटे वाजते. ती फार मोठ्याने वाजते, अशी शेजारच्या मावशींची तक्रार आहे. लेकीने पुन्हा वही काढली आहे.