मुरली का?

ब्रँडी हे आमच्या घरात पेय नव्हतंच, औषध होतं. व्हिस्की पिणारा तो वाया गेलेला. ब्रँडी घेणारा नुसता सर्दी झालेला. त्यामुळे २०१२ साली भाच्याने पॅरिसच्या विमानतळावरून कोन्याकची खोकंबंद बाटली आणली, ती हिने सरळ अमृतांजनाशेजारी ठेवली. (भाचा चाकणला मोटारींच्या कारखान्यात आहे. आम्ही चाकणला कांदे-बटाटे आणायला जात असू.)

बाटलीवर 'एक्स. ओ.' होतं. त्याचा अर्थ शेजारच्या नानांनी सांगितला. नाना पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधून निवृत्त झालेले. उभा जन्म पेनिसिलिनची बुरशी वाढवण्यात गेला. ते म्हणाले, कोन्याक गावाच्या आसपासच्या द्राक्षांची वाइन इतकी आंबट नि पाणचट, की तशी पिण्यात मजा नाही. म्हणून तांब्याच्या भांड्यांतून तिचं दोनदा ऊर्ध्वपातन करतात. साधारण नऊ लिटरांतून एक लिटर हाती लागतं, तेही पाण्यासारखं बिनरंगी. रंग चढतो तो पुढे ओकच्या पिपात. एक्स. ओ.ला तेव्हा किमान सहा वर्षं लागत, २०१८ पासून दहा. दरवर्षी पिपातला दोनेक टक्के माल हवेत उडतो, त्याला म्हणे देवदूतांचा वाटा म्हणतात. (आमच्या ऑडिटरने वेगळा शब्द वापरला असता.) त्या वाफेवर गोदामांच्या भिंतींना काळी बुरशी धरते. हे सांगताना नानांचा चेहरा माहेरचं माणूस भेटल्यासारखा खुलला.

"मग अजून मुरू दे," मी म्हटलं. लोणचं मुरतं, मुरंबा मुरतो, ही तर फ्रान्सची! नाना काहीतरी बोलणार होते, पण थांबले. पुढे दर दसऱ्याला सोनं द्यायला यायचे आणि चपला काढता काढता विचारायचे, "काय हो, मुरली का?"

"आणखी एक वर्ष, नाना."

असे अकरा दसरे गेले. मग नानांची अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी थेंबसुद्धा वर्ज्य केला. पुढच्या दसऱ्याला मी घाबरून खोकं उघडलं. बाटली पाव रिकामी!

"देवदूत!" मी ओरडलो.

"मामा," भाचा म्हणाला, "काचेत ब्रँडी मुरत नाही. बाटलीत भरली की तिचं वय तिथंच थांबतं. आणि हे सील कुणी फोडलं?"

"गुडघ्यांना चोळते मी," ही आतून म्हणाली. "चांगला गुण आहे."

मी नानांकडे वळलो. "तुम्हाला माहीत होतं? मुरत नाही ते?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही 'आणखी एक वर्ष' म्हणायचात ना," नाना म्हणाले, "ते ऐकायला बरं वाटायचं."

मी दोन पेले भरले. नानांनी आपला पेला दोन्ही तळव्यांत धरून ऊब दिली आणि नाक खुपसलं. "मनुका... संत्र्याची वाळलेली साल... जायफळ. थांबा, मागून जुना अक्रोड येतोय, जरासा कुबट. याला रांसिओ म्हणतात. म्हणजे खवट! पण या खवटपणासाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात." मला तर दिवाळीनंतर रिकाम्या झालेल्या फराळाच्या डब्याचा वास आला. नाना म्हणाले, तेच ते.

मी घोट घेतला. लहानपणीच्या चमच्यासारखी आग होईल म्हणून डोळे मिटले होते. पण ती मऊ उतरली, ऊब मागाहून आली आणि बातम्या संपल्या तरी जिभेवरून हलेना. नाना पाऊण तास नुसता वास घेत बसले. मग भरलेला पेला त्यांनी हलकेच टेबलावर ठेवला.

"ओतू नका हं ते," ही म्हणाली. "डावा गुडघा राहिलाय."